थाउकेचा पिंजरा

रविवारी दुपारी बेंग-तो आला तेव्हा मी आणि माझा नवरा हुआत मागच्या पडवीत लसूण सोलत बसलो होतो. बेंग-तो आमचा एकुलता मुलगा. वय एकोणचाळीस, लग्न नाही, कारखान्यांत मोठी यंत्रं बसवण्याचं काम करतो. त्याच्या हातात काचेची एक पेटी होती आणि पेटीवर टॉवेल टाकलेला होता.

"काय आणलंस? मासा?" मी विचारलं.

"थाउके."

थाउके म्हणजे शेठ. जाळीच्या खिडक्या दुरुस्त करायचा आमचा धंदा आहे. छोट्या ट्रकवर भोंगा लावून आम्ही दोघं ताइनान शहराच्या गल्ल्यांतून फिरतो. "जाळीची खिडकी, जाळीचं दार, काच बदलून मिळेल" हे भोंग्यातून सारखं वाजत असतं आणि लोक वरच्या मजल्यावरून हुआतला हाक मारतात, "ओ थाउके, थांबा!"

"पन्नास वर्षं लोक मला थाउके म्हणतायत," हुआत म्हणाला. "आता हा दुसरा कोण निघाला?"

बेंग-तोने टॉवेल काढला. आत काडीला धरून एक सरडा बसला होता. रंग बदलणाऱ्यांपैकी, वीतभर लांब, डोक्यावर मोठं शिंग उलटं ठेवावं तसा तुरा. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरत होते. एक माझ्याकडे होता, दुसरा लसणाकडे. रंग मातकट, अंगावर काळे ठिपके.

"आजारी दिसतोय," मी म्हणाले.

"आजारी नाही, वैतागलाय. काचेत स्वतःलाच बघतो आणि दुसरा नर आलाय समजून दिवसभर फुगतो. हवा खेळत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, उंच जाळीचा पिंजरा करा, नाहीतर हा फार दिवस काढणार नाही." मग त्याने खरी गोष्ट सांगितली. कंपनी त्याला आठ महिन्यांसाठी जपानला पाठवत होती. येत्या गुरुवारी निघायचं होतं. भाड्याची खोली सोडायची होती. सरडा नेता येत नव्हता. काओश्युंगला लिओंग नावाचा एक माणूस होता, त्याच्याकडे असले चाळीस सरडे होते. तो घ्यायला तयार होता.

"मग दे की त्याला," हुआत म्हणाला.

"तो विकतो, बाबा. एकदा तिकडे गेला की गेला. दोन वर्षं मी याला हाताने खायला घातलंय." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आई, तू पिंजरा करशील? ठेवशील आठ महिने?"

या मुलाने शाळा सोडल्यापासून आमच्याकडे काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणून टाकलं.

"खातो काय?" हुआतने विचारलं.

"नाकतोडे, रातकिडे. ते मी डब्यात आणून ठेवतो."

"आणि पाणी?"

इथे बेंग-तो जरा अडखळला. "वाटीतलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही. पानांवरून गळणारे थेंब चाटतो. सकाळी सातपासून दुपारपर्यंत वरून थेंब थेंब पडत राहायला हवेत."

हुआतने सुरी खाली ठेवली.

आमच्या भागात मासे पाळायची तळी आहेत, आणि डेंग्यू आहे. ज्या वर्षी साथ आली त्या वर्षी आमच्या एका गल्लीतली तीन माणसं गेली. तेव्हापासून वॉर्डात डासपथक आहे आणि हुआत आठ वर्षं त्या पथकात आहे. महिन्यातून दोन बुधवारी तो नारिंगी बंडी घालतो, बॅटरी घेतो आणि दारोदार जातो. लोकांच्या कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर, बादल्या, सगळं उलटं करतो. साचलेलं पाणी सापडलं तर नोंद होते, दुसऱ्यांदा सापडलं तर सरकारी माणूस येतो. प्रत्येक घराच्या दाराला एक कार्ड लटकलेलं असतं. आमच्या कार्डावर आठ वर्षांत शून्याखेरीज दुसरा आकडा पडलेला नाही.

"माझ्या पडवीत दिवसभर पाणी टपकणार?" तो म्हणाला. "मग बुधवारी मी दुसऱ्याच्या दारात कोणत्या तोंडाने उभा राहू?"

"टपकेल, पण साचणार नाही," मी म्हणाले.

"पाणी म्हटलं की साचणारच."

"खिडकीच्या चौकटीत पावसाचं पाणी साचू नये म्हणून खालच्या पट्टीला भोकं कोण पाडतं? मी का?"

"ते वेगळं, म्हातारे."

"काय वेगळं, म्हाताऱ्या? पाणी तेच, ॲल्युमिनियम तेच."

तो उठून आत गेला. बेंग-तो कुजबुजला, "हे हो समजायचं की नाही?"

"हो समज. नाही असतं तर लसूण सोलत बसून भांडला असता."

दुसऱ्या दिवशी मी घरामागच्या ढिगातून चौकटी काढल्या. माप चुकलेली, गिऱ्हाइकाने परत केलेली जाळीची दारं आम्ही टाकत नाही. चार चौकटी कापून छातीइतक्या उंच केल्या. दोन हात लांब, दोन हात रुंद. कापलेल्या कडा कानशीने घासल्या, मग हाताने चाचपल्या, मग गालाने. बेंग-तो रजेवर होता. तो नुसता बघत होता.

"गालाने का?"

"हात माझा आता निबर झालाय. त्याला धार कळत नाही."

जाळी मात्र मी न विचारताच काढली. आमच्याकडची सगळ्यात बारीक, काळी, मऊ. ती चौकटीवर अंथरायची, कडेच्या खाचेत रबरी दोरी चाकीने दाबत जायची आणि शेवटी टिचकी मारली की ढोलकीसारखा आवाज यायला हवा. हे काम मी करते. हुआत ट्रक चालवतो, भाव सांगतो आणि लोकांना वाटतं सगळं तोच करतो.

"आई, ही नको," बेंग-तो म्हणाला.

"का? आपल्या अख्ख्या आन्नान भागात याहून ताणलेली जाळी दाखव."

"ताणलेली आहे गं. पण भोकं फार बारीक आहेत. उन्हाचा निम्मा जोर बाहेरच राहील. आणि त्याची नखं अडकतील. तू जाळी लावतेस ती डासांसाठी. हा डास नाही."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, आपण त्यालाच विचारू. तीन तऱ्हेच्या जाळ्यांचे तुकडे भिंतीला टेकवले आणि थाउकेला एकेकावर सोडलं. माझ्या काळ्या जाळीत दोन पावलांत त्याचं मागचं नख अडकलं. तो एका पायावर लोंबकळला, तोंड उघडून फिसकारला आणि कोळशासारखा काळा झाला. बेंग-तोने नख सोडवलं. स्टीलच्या बारीक जाळीवर पकडच बसेना, घसरत खाली आला. तिसरा तुकडा वर प्लास्टिक चढवलेल्या जाड तारेचा होता. एका तळेवाल्याने बगळ्यांसाठी मागवलेली ती जाळी उरली होती. भोकं करंगळीचं टोक जाईल एवढी. तिच्यावर तो डुलत डुलत वर गेला आणि माझ्या खांद्यावर यायला बघू लागला.

"बघ," बेंग-तो म्हणाला.

"बघितलं. बोलू नकोस."

तारेची जाळी खाचेत बसत नाही. चाकी, रबरी दोरी, पन्नास वर्षांचा हात, सगळं निरुपयोगी. शेवटी मी पट्ट्या कापल्या, जाळी चौकट आणि पट्टी यांच्यामध्ये दाबली आणि दर चार बोटांवर रिव्हेट मारला. एकशे बारा रिव्हेट झाले. पुढच्या बाजूला दार, दाराला बिजागऱ्या, वर कडी. रातकिडे त्या भोकांतून पळाले असते, म्हणून खायला एक खोल गुळगुळीत पेला आत टांगला. तळाला मी ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवला, एका कोपऱ्यात भोक पाडलं आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी भोकाकडे न जाता मध्ये थारोळं करून बसलं.

हुआत दोन दिवस लांबून बघत होता, पेरू खात. आता त्याला राहवेना.

"हा उतार आहे? यावर बदकं पोहतील."

"मग तू कर."

"सरक."

त्याने पत्रा गुडघ्यावर घेतला, लाकडी हातोडीने सगळ्या बाजूंनी कोपऱ्यातल्या भोकाकडे उतार काढला, भोकाला नळी बसवली आणि नळी झाकणाच्या बादलीत सोडली. पुन्हा तांब्याभर पाणी ओतलं. मी वीस मोजायच्या आत पत्रा रिकामा. त्याने वर फडकं फिरवून माझ्यासमोर धरलं. कोरडं.

"आता टपकू दे," तो म्हणाला.

पेरूच्या फांद्या आडव्या लावल्या, मनीप्लांटच्या दोन वेली सोडल्या. वर एक प्लास्टिकची बाटली उलटी टांगली. तिचा तळ कापून वर झाकण केलं आणि बुचाला सुईने भोक पाडलं. बुधवारी संध्याकाळी थाउके आत गेला. गुरुवारी सकाळी तो हिरवा झाला होता, अंगावर पिवळे पट्टे. बेंग-तोने फोटो काढले. मला एक कागद दिला, मोठ्या अक्षरांत, एका ओळीत एकच गोष्ट. मी बासष्टाव्या वर्षी वाचायला शिकले हे त्याला माहीत आहे. हुआतने कागद बघितला नाही. "नळी मी बसवली, मला काय सांगतोस," म्हणाला. मग आम्ही त्याला स्टेशनवर सोडलं.

आमची रोजची रीत अशी. साडेसहाला मी बाटली भरून भोक मोकळं आहे ना बघायची, पेल्यात रातकिडे टाकायचे आणि ट्रकवर जाऊन काचा बांधायच्या. सातला हुआत घराला कुलूप लावून यायचा आणि आम्ही निघायचो. सुट्टी फक्त पथकाच्या बुधवारी. पाचला परत यायचो तेव्हा बाटली रिकामी असायची, पत्रा कोरडा. वाटायचं, सगळं बरोबर चाललंय.

आठव्या दिवशी थाउकेने रातकिड्यांकडे बघितलं नाही. दहाव्या दिवशी त्याची शी पाहिली. तिचा जो भाग पांढरा असायला हवा असं कागदावर लिहिलं होतं, तो गाजरासारखा झाला होता. डोळे खोल गेले होते आणि दिवसाउजेडी तो ते मिटून घ्यायचा. बेंग-तोला फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"आई, पाणी मिळतंय ना?"

"रोज बाटली भरते. संध्याकाळी रिकामी असते."

"मग आजार असेल. डॉक्टरांना दाखव. आजच विचार त्यांना."

डॉक्टरांनी गुरुवारची वेळ दिली. हुआतला सांगितलं तर म्हणाला, "पोरगा गेला म्हणून रुसला असेल." पण त्यालाही चैन पडत नव्हतं. येता-जाता पिंजऱ्यापाशी थांबायचा आणि "काय थाउके?" म्हणायचा.

आदल्या दिवशी, बुधवारी, पथक निघालं. पथकातल्यांची घरं दुसऱ्याने तपासायची असा नियम आहे. आमचं घर तपासायला ग्वेत-इंग बाई येते. वॉर्डप्रमुखांची ती मावसबहीण, आवाज भोंग्यासारखा, बंडीचे सगळे बंद लावलेले. मी चहा घेऊन पडवीत आले तेव्हा ती पिंजऱ्यात बॅटरी मारत होती.

"हुआत-वहिनी, हे काय? देव्हारा केलाय की माडी बांधलीय?"

"सरडा आहे. बेंग-तोचा."

"अगंबाई! झोपलाय वाटतं. आणि वर ती बाटली? तिच्यात पाणी असणार. हुआत-दादा, तुमच्या घरी पाणी?"

हुआतने बंडी खाली ओढली. "पाणी कुठलं! तिच्यात पाणी दिसलं तर माझं नाव बदला. रोज निघताना मी स्वतः ओतून टाकतो. आज तर पावणेसातलाच ओतली. ओततो, पत्रा पुसतो, पानंसुद्धा फडक्याने टिपून घेतो. बोट लावून बघा."

ग्वेत-इंगने मनीप्लांटच्या पानावर बोट फिरवलं. "ठणठणीत! माणूस असावा तर असा. आमच्याकडे म्हणाल तर गुलाबाखालची ताटली—"

"रोज?" मी म्हणाले.

मी चहा खाली ठेवला.

"रोज सातला ओततोस?"

"मग? तू साडेसहाला भरतेस. अर्धा तास पडतं की. एवढासा जीव, पिणार किती? पिऊन झालं असेल म्हणून ओततो. दिवसभर बाटलीत पाणी ठेवून कोणी घराबाहेर पडतं का?"

"तो साडेसातपर्यंत डोळे उघडत नाही, कागदावर लिहिलंय, म्हाताऱ्या. अंगावर ऊन आल्याशिवाय तो हलत नाही. तो उठतो तेव्हा तू पानं पुसून गेलेला असतोस."

हुआत बोटांवर दिवस मोजायला लागला. शुक्रवार, शनिवार, रविवार. मी त्याला थांबवलं नाही.

"तेरा दिवस," तो म्हणाला.

"मग मी काय लिहू?" ग्वेत-इंगने विचारलं.

"काय दिसतंय ते लिहा," मी म्हणाले. तिने शून्य लिहिलं, चहा न घेता निघाली आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं. असं ती कधी करत नाही.

हुआत त्या दिवशी पथकाबरोबर पुढे गेला नाही. बंडीसकट मोरीत गेला, बाटली भरली, टांगली आणि स्टूल घेऊन पिंजऱ्यासमोर बसला. थेंब पेरूच्या पानावर पडायचा, तिथून दुसऱ्या पानावर, तिथून वेलीवर. थाउके डोळे मिटून तसाच. रंग पुठ्ठ्यासारखा. मी भांडी घासली, भात लावला, परत आले. हुआत जागचा हलला नव्हता.

"मेला का गं?"

"बोट लाव."

"नको. तूच लाव."

मी फांदी किंचित वाकवली, थेंब त्याच्या नाकावर पडेल अशी. चार थेंब पडले, पाच पडले. मग एक डोळा उघडला. जबडा हलला. जीभ बाहेर आली, त्याची लांबलचक शिकारीची जीभ नव्हे, नुसतं टोक, आणि पानाची कड चाटली. पुन्हा चाटली. मग त्याने डोकं वर केलं आणि गळ्याखालची कातडी हलू लागली. हुआत प्रत्येक घोट मोजत होता, ओठ हलवत. सत्तरच्या पुढे गेल्यावर त्याने मोजणं सोडलं.

"मी सांगतो पोराला," तो म्हणाला.

बेंग-तोच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. हुआतला फोनवर प्रस्तावना करता येत नाही. "बेंग-तो, पाणी मी ओतत होतो," म्हणाला. मग सगळं सांगितलं, अर्धा तास, फडकं, सगळं.

"बाबा, तो तुम्हाला घरात नकोच होता. सरळ सांगायचं होतंत."

"नको होता असं नाही."

"लिओंगला सांगतो. शनिवारी येईल. त्याच्याकडे द्या."

"अरे पण आता प्यायला लागलाय," मी मागून ओरडले.

"आई, शनिवारी द्या." फोन बंद झाला.

गुरुवारी आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. मूत्रपिंडाला ताण पडलाय, आठवडा गेल्याशिवाय काही सांगता येणार नाही, पाणी तोडू नका, असं त्यांनी सांगितलं. ट्रक तीन दिवस अंगणात उभा राहिला. समोरच्या सबाही माशाची पेज विकणाऱ्याने विचारलं, "थाउके, भोंगा बिघडला का?" हुआत म्हणाला, "थाउके आजारी आहे." त्या माणसाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आल्याचे जास्तीचे तुकडे घालून पेज दिली.

हुआत दिवसभर स्टुलावर. तासातासाने खालची बादली उचलून बाहेर रिकामी करायचा. वरच्या बाटलीत बोटभर पाणी उरलं की लगेच भरायचा. मी म्हटलं, बादली तासातासाने कशाला, झाकण आहे तिला. तर म्हणाला, "त्यात मला बोलू नकोस." नाही बोलले. शुक्रवारी थाउकेने पेल्यातला एक रातकिडा टिपला. एकच. हुआतने स्वयंपाकघरात येऊन मला सांगितलं आणि परत जाऊन बसला. त्याच संध्याकाळी त्याने पिंजरा आतून पुसायला घेतला, पानांपाशी आला आणि फडकं हातात धरून तसाच उभा राहिला. मग फडकं वाळत टाकलं.

"उद्या देऊन टाकायचा," मी म्हणाले, "तर एवढा जीव का टाकतोयस?"

"नीट झालेला द्यावा. माझ्यामुळे बिघडला, बिघडलेला कसा देऊ?"

शनिवारी दहा वाजता लिओंग आला. चांगला जाडजूड माणूस, पायात स्लिपर, काखेत हवेची भोकं पाडलेली पेटी. मी त्याला बसा म्हटलं. तो बसला नाही. पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली. जाळीच्या कडेवरून अंगठा फिरवला, रिव्हेट पाहिले, वाकून नळी पाहिली.

"कुणी केलं हे?"

"जाळी हिची, उतार माझा," हुआत म्हणाला.

लिओंगने दार उघडलं, हात आत घातला आणि तसाच धरून ठेवला. थाउके एक डोळा त्याच्यावर आणि एक हुआतवर ठेवून बसला. अंग हिरवट होतं, पूर्ण हिरवं नाही. लिओंगने त्याच्या डोळ्यांभोवती पाहिलं, पाठीवरची कातडी दोन बोटांत धरून सोडली. पत्र्यावर सकाळची शी होती. ती काडीने उलटी केली. कडेला पिवळसर, बाकी पांढरी.

"पाणी कोण बघतंय?"

"मी," हुआत म्हणाला. "तेरा दिवस ओतत होतो तोही मीच. पोराने सांगितलं असेल."

"सांगितलं. शिव्या घालून सांगितलं." लिओंग हसला नाही. "काका, माझ्याकडे चाळीस आहेत. सकाळी सगळ्यांवर एकदा फवारा मारतो, संध्याकाळी एकदा. याच्यासमोर स्टूल टाकून बसायला मला वेळ नाही. नेला तर आज मरणार नाही हा. पण जागा बदलली की यांचं डोकं फिरतं. महिनाभर खायचा नाही. आणि याच्या अंगात आत्ता महिनाभराचा दम नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, ज्याचा आहे त्याला विचारतो." त्याने फोन काढला आणि अंगणात ट्रकपाशी गेला. आम्हाला त्याची पाठ दिसत होती. तो बोलत होता, ऐकत होता, पुन्हा बोलत होता. एकदा मोठ्याने म्हणाला, "अरे, तू तिकडे बसून रागाव, पण मी डोळ्यांनी बघितलंय ना!" हुआत स्टुलावर बसला होता. हात गुडघ्यांवर. पिंजऱ्याकडे बघत नव्हता.

लिओंगने परत येऊन फोन माझ्या हातात दिला.

"आई," बेंग-तो म्हणाला.

"बोल."

"दुपारनंतर पिंजऱ्यावर ऊन येतं का?"

"दोननंतर भिंतीची सावली येते."

"मग पूर्वेकडे हातभर सरकवा. सकाळचं ऊन जास्त मिळेल. तो लवकर उठेल आणि लवकर प्यायला लागेल. आणि बाबांना सांग, सरकवताना नळी निघणार नाही ना बघा."

मी सांगितलं. हुआत उठला, नळी दोन्ही हातांनी ओढून पाहिली.

"माझी नळी निघत नाही," तो म्हणाला.

लिओंगने त्याची रिकामी पेटी बाजूला ठेवली आणि एक कोपरा धरला. मी आणि हुआतने दुसरी बाजू धरली. थाउकेने फांदीभोवतीची शेपटी घट्ट केली. आम्ही पिंजरा उचलला.